संगणकाच्या पेटीत हात घालण्यापूर्वी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास, काव्य, अर्थकारण, धर्म असे भारदस्त विषय होत आले आहेत. त्या पंक्तीत, स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतलेल्या माणसाने काय करावे व काय करू नये हा विषय शोभतो की नाही, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. माझे म्हणणे एवढेच की, ज्याचा ह्या विषयाशी काडीचाही संबंध येत नाही असे घर आज भोर-वेल्ह्याच्या मुलखात शोधून काढावे लागेल. सात-बाराचा उतारा, जातीचा दाखला, पतसंस्थेचे पासबुक, शाळेचा निकाल, हे सारे कोठल्या तरी टेबलाखालच्या लोखंडी पेटीतून बाहेर पडते. ती पेटी बंद पडली म्हणजे काय होते, ते आपण जाणताच. भोरहून पुणे पन्नासएक किलोमीटर. वेल्ह्याच्या पलीकडे, केळदच्या अंगाला राहणाऱ्याला तर पेटी घेऊन पुण्यास जाऊन येणे म्हणजे सबंध दिवस मोडणे. म्हणून मग कोणाचा भाचा, आय.टी.आय. झालेला कोणी मुलगा, कधी खुद्द गुरुजीच पेटीच्या मागचे दोन स्क्रू काढतात आणि आत हात घालतात.

मला ह्यात काही गैर वाटत नाही. मोबाइल फोन उघडू नये अशीच त्याची घडण असते. टेबलाखालची ही पेटी मात्र उघडण्यासाठीच केलेली आहे. तिच्यातला प्रत्येक भाग वेगळा निघतो आणि पुन्हा बसतो. साध्या माणसाने धीर करून ती उघडावी, अशाच मताचा मी आहे. परंतु धीर करण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, आणि तेवढ्यासाठीच आजचे हे भाषण.

ह्या पेटीत दोन तऱ्हेची वीज वावरते. एक भिंतीतून येते. ती माणसाचा जीव घेऊ शकते. दुसरी आपल्याच अंगावर असते. ती माणसाला बहुधा कळतही नाही, परंतु यंत्राचा जीव घेऊ शकते. अडचण अशी की, पहिलीपासून वाचण्याचे आपले जे घरगुती उपाय आहेत, तेच दुसरीला पोसतात. शॉक बसू नये म्हणून आपण रबरी चपला घालतो, प्लॅस्टिकची चटई अंथरतो. नेमक्या त्या चपलांमुळे आणि चटईमुळे अंगावर साठलेली वीज जमिनीत उतरत नाही. उलट, अनवाणी पायांनी शहाबादी फरशीवर किंवा नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर उभे राहिले, तर अंगावरची वीज निमूटपणे निघून जाते आणि संगणकाच्या दृष्टीने तो माणूस अगदी निर्धोक होतो. परंतु त्याच अनवाणी माणसाचा हात भिंतीतून आलेल्या विजेला लागला, तर ती त्याच्या अंगातून त्याच जमिनीत जाईल, आणि पुढचे बोलायला नको. मग पायाखालची जमीन मित्र मानायची की वैरी? ह्याचे उत्तर कामाच्या क्रमात आहे. तो क्रम का व कसा, हे आता पाहू.

आधी यंत्राच्या बाजूने विचार करू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' नावाचा संगणक कामास लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओत असत तशा, काचेच्या. माणसाच्या बोटांतून एखादी ठिणगी पडली, तरी अशा नळीला त्याचे सोयरसुतक नसे. नळी फुटायची ती हातातून निसटून. पुढे १९७१ साली अमेरिकेत इंटेल कंपनीने ४००४ नावाची चिप काढली, तीत २,३०० ट्रान्झिस्टर होते. म्हणजे टिफ्रॅकमधल्या नळ्यांच्या जवळपास तेवढेच नग, परंतु बोटाच्या टोकावर मावणारे. आज आपल्या घरातल्या संगणकाच्या प्रोसेसरमध्ये ही संख्या अब्जांनी मोजतात. एवढे नग एवढ्याशा जागेत बसवायचे म्हणजे प्रत्येक नग किती नाजूक असेल, ह्याचा अंदाज करा.

भाटघरच्या धरणाची दारे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ट्रान्झिस्टर हेही एक दारच. पाण्याऐवजी विजेचा प्रवाह सोडणारे वा अडवणारे. मात्र ह्या दाराला कोणी हात लावत नाही. एका पातळ थराच्या पलीकडून विजेचा दाब दिला की दार उघडते, दाब काढला की मिटते. हा थर पूर्वी वाळूच्या द्रव्याचा, म्हणजे एक प्रकारच्या काचेचाच असे. आता त्यात आणखीही द्रव्ये आली आहेत. आजच्या चिपमध्ये त्याची जाडी काही ठिकाणी एक-दोन नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. असल्या थरावर रोजच्या कामात साधारण एक व्होल्टचा दाब असतो. तो काही व्होल्टांवर गेला की थराला भोक पडते. ते बुजवता येत नाही.

आता आपल्या अंगावर किती व्होल्ट असतात, ते ऐका. अंबराला आपल्याकडे संस्कृतात तृणमणी म्हणतात. घासला की तो गवताची काडी ओढून घेतो, म्हणून हे नाव. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, नायलॉनची साडी उतरवताना अंधारात चटचट ठिणग्या दिसतात, तो सारा ह्याच जातीचा प्रकार. दोन निरनिराळे पदार्थ एकमेकांना लागून दूर झाले की एकावरची थोडी वीज दुसऱ्यावर राहून जाते. ह्या धंद्यातल्या जुन्या तक्त्यांत काही आकडे नेहमी दिलेले असतात. हवेत आर्द्रता दहा-वीस टक्के असताना गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. हवा चांगली दमट असेल तर तोच दीड हजारावर येतो. मेजावरची प्लॅस्टिकची साधी पिशवी उचलली, तर कोरड्या हवेत २०,००० आणि दमट हवेत १,२००. हे आकडे ऐकून घाबरू नका. दाब मोठा असला तरी वीज अगदी थोडी असते. तोरण्याच्या कड्यावरून पडलेल्या पाण्याच्या एका थेंबाने कोणी वाहून जात नाही. आपल्याला ठिणगी जाणवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. त्याच्या खाली आपल्याला काहीच कळत नाही, आणि चिपचे नुकसान तर शे-दोनशे व्होल्टांतही होऊ शकते. म्हणजे 'मला ठिणगी लागली नाही' हा काही पुरावा नव्हे.

येथे ऋतूचा मोठा संबंध आहे. आषाढात वेल्ह्याच्या घाटमाथ्यावर भिंतीदेखील ओल्या असतात. तेव्हा अंगावर वीज टिकत नाही. परंतु माघ उतरला की हवा वाळू लागते, आणि फाल्गुन-चैत्रातल्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. म्हणजे अंगावर वीज साठण्याचा खरा हंगाम हाच, आपल्या व्याख्यानमालेचा! परीक्षा आणि मार्चअखेरचे हिशेबही ह्याच दिवसांत असतात, आणि पेट्याही ह्याच दिवसांत घाईघाईने उघडल्या जातात.

"आम्ही वीस वर्षे नुसत्या हातांनी काम करतो, काही झाले नाही," असे सांगणारे कारागीर मला पुष्कळ भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. हल्लीच्या चिपांच्या पायांपाशी अशी वीज बाजूला वळवणारी सोय आतच केलेली असते, आणि भाग मदरबोर्डवर बसला की तो सुट्या स्थितीपेक्षा काहीसा सुरक्षितही असतो. पुष्कळदा निभावते. परंतु त्यांच्या म्हणण्यात एक फट आहे. ह्या विजेने चिप दर वेळी जागच्या जागी मरत नाही. कधी थराला नुसता चरा जातो. संगणक सुरू होतो, कारागीर पैसे घेऊन घरी जातो, आणि दोन महिन्यांनी यंत्र मधूनमधून अडखळू लागते. कधी आपोआप बंद पडते, कधी फाइल बिघडते. तोपर्यंत त्या दुपारी कोणी कशाला हात लावला होता हे कोणाच्या ध्यानात नसते. 'माल खराब आला' असे म्हणून दुकानदाराशी भांडण होते. ज्या जखमेचा दिवस सांगता येत नाही, ती आपल्या हातची नव्हे असे छातीठोकपणे कसे म्हणावे? उपाय फुकटाचा असताना हा जुगार मला तरी पटत नाही.

तो उपाय असा. विजेच्या तारेवर बसलेला कावळा मरत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. आपला हात, लोखंडी पेटी आणि हातातला भाग हे तिन्ही एकाच दाबावर आणले की ठिणगी पडण्याचे कारणच उरत नाही. त्यासाठी पेटीच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला हात लावायचा. रंगावर लावून उपयोग नाही, कारण रंग विजेला अडवतो. आत जो पत्र्याचा चौकोनी डबा असतो, ज्याला एसएमपीएस म्हणतात, त्याचा पत्रा किंवा तो ज्या स्क्रूंनी बसवलेला असतो ते स्क्रू ह्या कामी उत्तम. कोणताही भाग उचलण्यापूर्वी एकदा, आणि काम चालू असताना दर दोन-चार मिनिटांनी. खुर्चीवरून उठलात, चहा घेऊन परत आलात, की पुन्हा. जमल्यास डावे मनगट पेटीच्या कडेला टेकलेलेच ठेवावे.

बाजारात मनगटाला बांधायचा पट्टा मिळतो. त्याची दुसरी टोकाची चिमटी पेटीला लावतात. त्याच्या वायरीत दहा लाख ओहमचा रोध मुद्दाम घातलेला असतो. चुकून २३० व्होल्टांशी गाठ पडलीच, तर त्या रोधामुळे अंगातून पाव मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह जाईल, आणि तो बहुधा जाणवणारही नाही. काही हुशार मुले हा पट्टा घरीच करतात: तांब्याची उघडी तार मनगटाला गुंडाळतात आणि दुसरे टोक थेट सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकात खुपसतात. असे कोणीही, कधीही करू नये. ही तार म्हणजे माणसाला जमिनीशी घट्ट बांधून ठेवणे आहे, आणि त्याच भोकाशेजारी फेजचे भोक असते.

आता ह्या दुसऱ्या, भिंतीतल्या विजेकडे वळू.

पुष्कळ लोक स्विच बंद करतात आणि कामाला लागतात. आपल्याकडच्या स्विचने दोन तारांपैकी एकच तुटते. ती फेजची असली पाहिजे. परंतु जुन्या घरांत, वाड्यांत, नंतर वाढवलेल्या खोल्यांत वायरमनने फेज आणि न्यूट्रल उलट जोडल्याचे प्रकार सर्रास आढळतात. अशा ठिकाणी स्विच बंद असला तरी फेज पेटीपर्यंत जिवंतच राहते. समोरून पाहताना अर्थिंगचे मोठे भोक वर असेल, तर फेज उजव्या हाताला असली पाहिजे. टेस्टर लावून ते पाहता येते. परंतु ह्याहून सोपी गोष्ट म्हणजे वायरच काढणे. तीही भिंतीतून नव्हे, पेटीच्या पाठीतून. कारण मध्ये यूपीएस असला, तर भिंतीतला प्लग काढूनही तो आपल्या बॅटरीवर पेटीला वीज देतच राहतो. वीज जाण्याची सवय झालेल्या आपल्या भागात यूपीएस पुष्कळ ठिकाणी असतो, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

पाठीमागची वायर काढल्यावर पुढचे सुरू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे. आत उरलेली थोडी वीज त्याने निघून जाते. कधीकधी पंखा क्षणभर हलून थांबतो, तो त्याचाच परिणाम. तरीही एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. २३० व्होल्टची वीज सरळ करून साठवली की सुमारे ३२५ व्होल्ट होतात, काही नव्या नमुन्यांत ३८० ते ४००. आणि ती वायर काढल्यानंतरही काही काळ आत राहू शकते. तो डबा बिघडला तर सबंध बदलावा. त्याच्या जाळीतून पाल आत शिरून मेली आहे असे दिसले, तरी चिमटा घालून तिला ओढू नये.

आणखी एक परिचयाची तक्रार. "कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात." ह्याचे कारण बिघाड असेलच असे नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज व न्यूट्रल ह्या दोघांपासून पत्र्याकडे जोडलेले दोन लहान कपॅसिटर असतात; त्यांतून झिरपणारी वीज अर्थिंगने जमिनीत जावी, अशी योजना असते. अर्थिंगच नसेल, तर पत्रा मध्येच लोंबकळत राहतो आणि त्यावर फेजच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दाब दिसतो. प्रवाह फार थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. परंतु त्या पेटीला प्रिंटर किंवा दुसरा संगणक जोडताना हीच वीज नाजूक भागांतून वाट काढते. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी मॉनिटर, प्रिंटर, इंटरनेट, सगळ्याच वायरी काढाव्यात. आणि झिणझिण्या येत असतील, तर संगणकाआधी घराचे अर्थिंग दुरुस्त करावे. तिसरी पिन लावायची कटकट नको म्हणून दोन पिनांचा अडॅप्टर वापरणे हा आपला फार जुना आणि वाईट रिवाज. ती तिसरी पिन लांब आणि जाड केली आहे ती उगीच नव्हे. लावताना ती सर्वांत आधी टेकते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते.

अर्थिंगच्या बाबतीत आपला मुलूख अवघड आहे. येथे वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. पावसाळ्यात खड्डा ओला असतो आणि अर्थिंग छान लागते. चैत्र-वैशाखात तोच खड्डा वाळून जातो. मीठ-कोळसा घालून पुरलेल्या पाइपाला वर नरसाळे ठेवतात, ते उन्हाळ्यात त्यातून पाणी ओतण्यासाठीच. किती घरांत ते पाणी ओतले जाते? जोडीला ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घ्यावा, म्हणजे गळणारी वीज चटकन तुटते.

तर क्रम हा असा: यंत्र बंद, पाठीची वायर बाहेर, बाकीच्या वायरी बाहेर, बटण दाबून धरा, आणि मगच चपला काढून फरशीवर या, पत्र्याला हात लावा. वायर बाहेर पडल्यावर जमीन आपली मित्र होते, त्याआधी नव्हे. अंगठी, धातूच्या बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे, मंगळसूत्र पदरात खोचून घ्यावे. कपडे सुती असावेत. पत्र्याच्या कडांना धार असते. ह्या कामात रक्त निघते ते बहुधा त्या कडांनीच.

आता भाग हाताळण्याविषयी. सर्वांत जास्त हाल होतात ते रॅमच्या पट्टीचे. पावसाळा संपला की संगणक नुसताच 'बीप बीप' करतो, पडदा काळा राहतो. आणि कोणीतरी पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने खसाखसा घासतो. बरेचदा यंत्र चालूही होते, म्हणून ह्या उपायाची ख्याती झाली आहे. परंतु दातांवरचे सोने अगदी पातळ असते. खरखरीत रबराने ते निघते, मग खालचा धातू पुढच्या पावसाळ्यात लवकर काळवंडतो आणि पुन्हा रबर लागतो. शिवाय रबर घासणे म्हणजे तृणमणीचाच प्रयोग. माझा अनुभव असा की, पट्टी काढून दोन-तीनदा नीट बसवली तरी निम्मे काम होते. खाचेत घासून दात आपोआप स्वच्छ होतात. नाहीच झाले, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावे व वाळू द्यावे. पट्टी फोटोची काच धरतो तशी कडांनी धरावी. तिला मध्ये एक खाच असते आणि ती एकाच बाजूने बसते. जोर लावावा लागला तर आपण उलटी धरली आहे असे समजावे.

नवा भाग ज्या चंदेरी-राखाडी पिशवीतून येतो, ती फेकू नका. तिच्या थरात धातू असतो, आणि आत ठेवलेल्या वस्तूला ती विजेपासून राखते. मात्र ती आत ठेवण्यापुरतीच. तिच्यावर मदरबोर्ड मांडून तो चालू करणे धोक्याचे, कारण पिशवीचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. थर्माकोल आणि फुग्यांचा प्लॅस्टिक कागद ह्यांत सुटा भाग कधी गुंडाळू नये, साधा पुठ्ठ्याचा डबा त्यापेक्षा बरा.

धूळ काढताना तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार जातात. रंगाऱ्याचा मऊ केसांचा ब्रश चालेल. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, नाहीतर तो भरधाव फिरून बिघडतो. स्क्रू वाटीत ठेवावेत आणि झाकण लावण्यापूर्वी मोजावेत. मदरबोर्डखाली राहिलेला एक स्क्रू सगळ्या श्रमांची राख करू शकतो. हार्ड डिस्क आपटू नये, तिच्यातली वाचणारी सुई तबकडीपासून काही नॅनोमीटरच वर तरंगते. आणि बोर्डवरची ती रुपयाएवढी बटणाची बॅटरी बदलली, तर जुनी लगेच मुलांच्या हाताबाहेर टाका. ती गिळली गेल्यास साधारण दोन तासांत अन्ननलिका भाजून निघते. हे संगणकाच्या नव्हे, घराच्या काळजीचे आहे.

वळवाच्या दिवसांत, राजगडाकडे ढग गडगडू लागले की, विजेची आणि इंटरनेटची अशा दोन्ही वायरी काढून ठेवाव्यात. पुष्कळजण पहिली काढतात, आणि वीज दुसरीतून येते.

मेजावर एक जुनी पेटी ठेवली आहे. तिची वायर काढून खाली ठेवलेली आपणांस दिसतेच आहे. ज्या मुलामुलींना रॅम काढून पुन्हा बसवून पाहायची असेल, त्यांनी चपला पायरीपाशी काढाव्या, एकेकाने पुढे यावे आणि आधी त्या पत्र्याच्या डब्याला हात लावावा.